दीर्घायुषी देवांचा जन्म ‘अक्षण’ का मानला? एकतीस भूमी आणि पुनर्जन्म

पडवी

अंगुत्तर निकाय या पाली सुत्तसंग्रहाच्या अट्ठक निपातात (आठ-आठ गोष्टींच्या भागात) धम्माचरणाला वाव न देणाऱ्या आठ जन्मस्थितींची यादी येते. अशा स्थितीला पालीत ‘अक्खण’ आणि संस्कृतात ‘अक्षण’ म्हणतात. नरकातील, पशुयोनीतील आणि प्रेतविषयातील जन्म या पहिल्या तीन अक्षणांविषयी कोणाचीच हरकत असणार नाही. जेथे भिक्खू-भिक्खुणी आणि उपासक-उपासिका पोचत नाहीत अशा सीमाप्रदेशातील जन्म, मध्यदेशात जन्मूनही मिथ्यादृष्टी असणे, बुद्धी मंद असणे आणि सगळे जुळून येऊनही त्या काळी जगात बुद्धच झालेला नसणे, या शेवटच्या चार स्थितीही समजण्यासारख्या आहेत. मधल्या चौथ्या क्रमांकावर मात्र, प्रेतविषयाच्या लगेच खाली, दीर्घायुषी देवांच्या समूहातील जन्म आहे. एवढ्या पुण्याईने मिळवलेला जन्म नरकाच्या पंगतीला कसा बसला, हा या धाग्याचा विषय आहे.

चर्चेला आधार म्हणून थेरवादी मांडणी थोडक्यात देतो. अनुरुद्धाचार्यांच्या अभिधम्मत्थसंगहाच्या पाचव्या परिच्छेदात एकूण 31 भूमी, म्हणजे जन्म घेण्याचे लोक, सांगितल्या आहेत. (या ग्रंथावर पालीत ‘नवनीत टीका’ लिहिणारे धर्मानंद कोसंबी गोव्यातील साखवाळचे, हे जाता जाता नोंदवावेसे वाटते.) कामलोकात 11 भूमी येतात: निरय, पशुयोनी, प्रेत आणि असुर या चार अपायभूमी, पाचवी मनुष्यभूमी आणि तिच्यावर सहा देवलोक. त्यांच्यावर रूपलोकाच्या 16 आणि सर्वांत वर अरूपलोकाच्या 4 भूमी आहेत.

कामलोकातील देवांच्या आयुष्याचा हिशेब अंगुत्तर निकायातील उपोसथ सुत्तात दिला आहे. चातुर्महाराजिक देवांचा एक अहोरात्र म्हणजे माणसांची 50 वर्षे. अशा तीस दिवसांचा महिना, बारा महिन्यांचे वर्ष आणि अशा 500 वर्षांचे आयुष्य, म्हणजे मानवी मापाने 90 लाख वर्षे. पुढच्या प्रत्येक देवलोकात दिवसाची लांबीही दुप्पट होते आणि वर्षांची संख्याही, त्यामुळे आयुष्य दर पायरीला चौपट होत जाते. तावतिंसात ते 3 कोटी 60 लाख वर्षांचे, तुसितात 57 कोटी 60 लाख वर्षांचे आणि सहाव्या परनिम्मितवसवत्तीत 921 कोटी 60 लाख वर्षांचे होते. अरूपलोकात वर्षांचे माप पुरतच नाही. तेथे कल्पांत (एका विश्वाच्या उत्पत्ती-लयाएवढ्या काळांत) मोजावे लागते आणि सर्वांत वरच्या भूमीत ती संख्या 84,000 कल्पांवर जाते.

इतक्या लांब आयुष्यालाही अंत आहे. इतिवुत्तकात देवाच्या मृत्यूची पाच पूर्वचिन्हे सांगितली आहेत: गळ्यातील फुले कोमेजतात, वस्त्रे मळतात, काखेतून घाम सुटतो, अंगाची कांती उतरते आणि स्वतःच्याच आसनावर त्याचे मन रमेनासे होते. तेव्हा भोवतालचे देव त्याला ‘येथून सुगतीला जा’ असा निरोप देतात. देवांच्या दृष्टीने सुगती म्हणजे काय, असे एका भिक्खूने विचारले असता भगवान बुद्ध उत्तर देतात की मनुष्यजन्म हीच देवांची सुगती. स्वर्गातून निघणाऱ्याला भूलोकी जाण्याच्या शुभेच्छा मिळतात, हे मला या साऱ्या विश्वरचनेतील सर्वांत अनपेक्षित वाक्य वाटते. आपापल्या वाचनातून भर घालावी, अशी विनंती आहे.

तिठा

प्रश्न नेमका आहे. अट्ठकथेत (पाली भाष्यात) ‘दीर्घायुषी देव’ या शब्दांचा रोख असञ्ञसत्तांकडे असल्याचे म्हटले आहे. रूपलोकातील ही भूमी अशी आहे की तेथे 500 कल्प केवळ देह असतो आणि संज्ञा नसते. चौथे ध्यान साधून, संज्ञा हेच सर्व दुःखाचे मूळ आहे असे मानणारा साधक तेथे पोचतो. ऐकणारे चित्तच नसल्यामुळे बुद्ध जगात येऊन गेले तरी त्याला त्याचा पत्ता लागत नाही. इतर परंपरांत अरूपलोकातील देवांचाही यात समावेश केलेला दिसतो आणि तो मला जास्त पटतो.

याचे ठळक उदाहरण अरियपरियेसन सुत्तात आहे. बोधिसत्त्वांनी (सम्बोधीपूर्वीच्या गौतमांनी) गृहत्याग केल्यावर आळार कालामांकडून आकिंचन्यायतनापर्यंतची, म्हणजे तिसऱ्या अरूप ध्यानावस्थेपर्यंतची, समापत्ती शिकून घेतली आणि उद्दक रामपुत्तांकडे नेवसञ्ञानासञ्ञायतनाची, म्हणजे चौथीची. सम्बोधी प्राप्त झाल्यावर धम्म प्रथम कोणाला सांगावा असा विचार करताना त्यांना हेच दोघे आठवले, कारण त्यांच्या डोळ्यांत धूळ कमी होती. परंतु आळार कालाम सात दिवसांपूर्वीच वारले होते आणि उद्दक रामपुत्त आदल्या रात्री. अट्ठकथा सांगते की ते आपापल्या समापत्तीनुसार अरूपभूमींत जन्मले. तेथे कान नाहीत आणि शब्दही पोचत नाही. अखेर पहिला उपदेश ऐकायला ऋषिपतनात पाच जण मिळाले, जे ध्यानात या दोघांच्या बरोबरीचे असल्याचा कोठेही उल्लेख नाही. आठवडाभराचे अंतर पडले आणि हजारो कल्पांची संधी गेली.

साळुंकी

मूळ लेख आणि वरील प्रतिसाद दोन्ही आवडले, पण माझी अडचण अधिक प्राथमिक आहे. आत्मा नाही असे एकदा म्हटल्यावर आळार कालाम अरूपलोकात ‘गेले’ या वाक्याचा अर्थ काय लावायचा? गेले ते कोण? आणि इतक्या दूरच्या लोकात पोचायला काही काळ लागतो की नाही?

पडवी

साळुंकी, आपले दोन्ही प्रश्न जुने आहेत आणि दोन्हींना जुनी उत्तरेही आहेत.

पहिल्याविषयी मज्झिम निकायातील महातण्हासंखय सुत्त पाहावे. साती नावाच्या, कोळी कुळातून आलेल्या भिक्खूचे म्हणणे होते की हेच विज्ञान (जाणीव) जसेच्या तसे एका जन्मातून दुसऱ्या जन्मात धावत असते. भगवंतांनी त्याला सर्वांसमक्ष फटकारले आणि प्रत्ययावाचून (कारणावाचून) विज्ञान उत्पन्न होत नाही, हे आपण अनेक प्रकारे सांगितले असल्याची आठवण दिली. अभिधम्माने हाच धागा पुढे नेला. मरणाऱ्याचे शेवटचे चित्त म्हणजे च्युतिचित्त. ते निरुद्ध होताच, मध्ये खंड न पडता, नव्या जन्माचे प्रतिसंधिचित्त उत्पन्न होते. दुसरे पहिल्यामुळे होते, पण पहिलेच तेथे गेलेले नसते. कोणती भूमी मिळेल हे कर्म ठरवते, आणि त्या कर्माचाही क्रम लावलेला आहे: आधी गुरुकर्म, मग मरणसमयीचे आसन्न कर्म, मग सवयीचे आचिण्ण कर्म आणि हे काहीच नसेल तर इतर कृतकर्म. अरूपसमापत्ती हे गुरुकर्म असल्याने मरेपर्यंत ती टिकवणाऱ्याची भूमी तीच ठरवते.

दुसरा प्रश्न मिलिंद राजाने नागसेनांना विचारला होता. एक जण येथे मरून ब्रह्मलोकी जन्मला आणि दुसरा येथेच मरून काश्मीरमध्ये जन्मला, तर आधी कोण पोचेल? नागसेनांनी राजाला त्याचे जन्मगाव विचारले. अलसंद द्वीपातील कलसी, येथून 200 योजने, असे राजाने सांगितले. काश्मीर 12 योजने. मग नागसेनांनी त्याला आधी कलसी आणि नंतर काश्मीर मनात आणायला लावले आणि कोणत्या स्मरणाला जास्त वेळ लागला असे विचारले. राजाने दोन्हींना सारखाच वेळ लागल्याचे कबूल केले.

मात्र मृत्यू आणि पुनर्जन्म यांच्यामध्ये काहीच नसते, हे सर्व बौद्धांना मान्य नाही. कथावत्थू या थेरवादी ग्रंथाने अंतराभव (दोन जन्मांमधली अवस्था) नाकारला, सर्वास्तिवादी या दुसऱ्या बौद्ध पंथाने तो स्वीकारला आणि तिबेटी परंपरेतील 49 दिवसांच्या बार्दोची कल्पना हा त्याच धारणेचा पुढचा विस्तार आहे.

रानवाट

मराठी वाचकांसमोर हा विषय मांडताना एक बाजू वगळून चालणार नाही. आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म यांची संगती कशी लावायची, हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच उपस्थित केला आहे. पुढे त्यांनी दिलेले उत्तर असे की शरीर ज्या पृथ्वी, आप, तेज आणि वायू या चार घटकांचे बनते ते मृत्यूनंतर विश्वातील त्या त्या घटकांच्या समूहात मिसळतात आणि त्यांतूनच पुन्हा नवी घडण होते. पुनर्जन्म आहे तो या घटकांचा, आत्म्याचा नव्हे. ज्या समाजाला ‘मागच्या जन्मीचे पाप’ असे सांगून शतकानुशतके गावकुसाबाहेर ठेवले, त्याला 921 कोटी वर्षांच्या देवलोकाचे गणित ऐकवताना ते कोणाच्या हाती कसे शस्त्र झाले, याचे भान असावे.

पडवी

रानवाट, आपला मुद्दा मला मान्य आहे आणि तो या धाग्यात आला हे बरे झाले. बाबासाहेबांची मांडणी हा धम्माचा जाणीवपूर्वक केलेला पुनर्विचार आहे. माझा प्रश्न पाली ग्रंथांची स्वतःची अंतर्गत संगती काय आहे, एवढ्यापुरता आहे. दोहोंना एकमेकांची साक्ष काढायला लावू नये, असे मला वाटते. तरीही एक नोंद करतो. महाराष्ट्रातील विहारांत रोज म्हटल्या जाणाऱ्या बुद्धवंदनेत ‘सत्था देवमनुस्सानं’ हे शब्द आहेत. देव येथे शिकवण घेणाऱ्यांत बसलेले आहेत. नवसाला पावणारे किंवा कोणाचे दैव लिहिणारे ते नाहीत. जन्मावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या व्यवस्थेशी ही कल्पना सहजासहजी जुळत नाही.

जुना_वाचक

हे लोक म्हणजे मनाच्याच अवस्था आहेत, असे आजकाल सर्रास म्हटले जाते: क्रोध म्हणजे नरक, हाव म्हणजे प्रेतयोनी, वगैरे. याला ग्रंथाधार अजिबात नाही असे नव्हे. संयुत्त निकायात भगवान बुद्ध ‘छफस्सायतनिक’ नावाचा नरक पाहिल्याचे सांगतात, जेथे सहाही इंद्रियांनी जे अनुभवावे ते अप्रियच असते. त्याच नावाचा स्वर्गही त्यांनी पाहिला आहे. परंतु एवढ्यावरून बाकीच्या सर्व सुत्तांतील नरक आणि देवलोक रूपकांत काढणे मला घाईचे वाटते, कारण तीच सुत्ते मृत्यूनंतर, देह पडल्यावर, असे स्पष्ट शब्द वापरतात.

मला जास्त महत्त्वाचे वाटते ते भूमी आणि ध्यान यांचे समांतर. पहिल्या ध्यानाशी ब्रह्मलोकाच्या तीन भूमी जोडलेल्या आहेत, दुसऱ्याशी आभास्वरापर्यंतच्या तीन, तिसऱ्याशी शुभकृत्स्नापर्यंतच्या तीन आणि चौथ्याशी वेहप्फल, असञ्ञसत्त व पाच शुद्धावास. अरूपलोकाच्या चार भूमींना तर चार अरूपसमापत्तींचीच नावे आहेत. येथे बसून चित्त जे करू शकते तेच तेथे जग होऊन उभे राहते. त्यामुळे ‘मानसिक की वास्तविक’ हा वादच बाहेरून आणून लादल्यासारखा वाटतो. ही मांडणी करणाऱ्यांच्या लेखी या दोहोंत भिंत नव्हती.

तिठा

जुना_वाचक यांच्या मुद्द्याला ब्रह्मजाल सुत्तातून पुष्टी मिळते, आणि मूळ प्रश्नालाही. जग संवर्त होत (लयाला जात) असताना बहुतेक प्राणी आभास्वरात जन्म घेतात. पुढे विवर्त (जगाचे पुन्हा उलगडणे) सुरू झाल्यावर रिकामे ब्रह्मविमान प्रकट होते आणि कोणी एक जीव पुण्य सरल्यामुळे आभास्वरातून त्यात येऊन पडतो. फार काळ एकटा राहिल्यावर त्याला वाटते की येथे आणखी कोणी आले तर बरे. योगायोगाने तेव्हाच इतर जीवांचेही पुण्य सरते आणि तेही तेथे अवतरतात. पहिल्याला वाटते, मी इच्छा केली म्हणून हे झाले, तेव्हा मीच कर्ता, मीच पिता. नंतर आलेल्यांनाही तेच वाटते, कारण त्यांनी याला आपल्या आधीपासून तेथे पाहिलेले असते. त्यांतील कोणी पुढे मनुष्यजन्मास येतो, ध्यानाने केवळ तेवढा एकच मागचा जन्म आठवतो आणि जगाचा कर्ता ब्रह्मा आहे असा सिद्धान्त मांडतो.

त्याच सुत्तात असञ्ञसत्तांतून आलेल्याची उलट गत सांगितली आहे. संज्ञा उत्पन्न होताच तो तेथून च्युत होतो; येथे येऊन ध्यानाने मागे पाहतो तर संज्ञेच्या उत्पत्तीपलीकडे त्याला काहीच आठवत नाही; मग आपण अकारण उत्पन्न झालो, असे तो ठरवतो. एका लोकातून सृष्टिकर्त्याचे मत निघाले आणि दुसऱ्यातून यदृच्छेचे, आणि दोघांचीही साधना खरी होती. उंच भूमी माणसाला प्रामाणिकपणे चुकवते, ही यातील खोच आहे.

याच महाब्रह्म्याचे केवट्ट सुत्तातील चित्र तर मिश्कील आहे. चार महाभूते निःशेष कोठे निरुद्ध होतात, हे विचारत एक भिक्खू एकेक देवलोक चढत ब्रह्म्यापर्यंत जातो. ब्रह्मा दोनदा ‘मी महाब्रह्मा, मी कर्ता’ एवढेच ऐकवतो. भिक्खू हटत नाही. शेवटी ब्रह्मा त्याला दंडाला धरून बाजूला नेतो आणि सांगतो की या देवांना वाटते मला सगळे ठाऊक आहे, म्हणून त्यांच्यादेखत बोललो नाही. मलाही हे माहीत नाही, तू भगवंतांना सोडून येथे आलास हीच चूक केलीस.

साळुंकी

आमच्या घरी पितृपंधरवड्यात पान वाढले जाते आणि कावळा शिवेपर्यंत कोणी जेवत नाही. गेलेला माणूस या एकतीसांपैकी कोठेही असू शकत असेल, तर ते अन्न त्याला पोचते असे बौद्ध ग्रंथ मानतात का?

पडवी

हाच प्रश्न जाणुस्सोणी नावाच्या ब्राह्मणाने विचारला होता आणि उत्तर अंगुत्तर निकायाच्या दसक निपातात आहे. नरकात, पशुयोनीत, मनुष्यांत किंवा देवांत जन्मलेल्याला त्या त्या ठिकाणचाच आहार असतो, म्हणून येथले दान त्याला पोचत नाही; फक्त प्रेतविषयात जन्मलेल्यालाच ते उपयोगी पडते. ब्राह्मण नेटाने पुढे विचारतो की आपला माणूस तेथे नसेल तर? तर तेथे असलेले दुसरे नातलग त्याचा लाभ घेतात. आणि तेथे कोणीच नसेल तर? एवढ्या दीर्घ काळात एकही नातलग तेथे नाही असे होणे अशक्य आहे, आणि दात्याचे दान तर कधीच निष्फळ जात नाही.

पुढचा भाग कमी वाचला जातो. प्राणघात, चोरी, खोटे बोलणे असे सर्व करणारा पण सढळ हाताने दान देणारा मनुष्य कोठे जातो? तो हत्ती किंवा घोडा होऊ शकतो आणि दानामुळे त्याला तेथे भरपूर अन्न, माळा, अलंकार मिळतात. म्हणजे शीलाने भूमी ठरते आणि दानाने त्या भूमीतील सुखसोयी.

पाणवठा

अजिंठ्याचा उल्लेख कोणीच केला नाही, म्हणून लिहीत आहे. वाकाटक हरिषेणाच्या काळातील, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील 17 क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत डाव्या बाजूला भवचक्राचे चित्र आहे. बराच भाग झडून गेला आहे. पूर्वीच्या काही पाहणाऱ्यांना ते राशिचक्र वाटले आणि लेण्याला तसे नावही पडले होते. चक्र विहाराच्या दाराशीच का, याचे उत्तर दिव्यावदान या संस्कृत बौद्ध कथासंग्रहात मिळते. बुद्धशिष्य मौद्गल्यायन निरनिराळ्या लोकांत जाऊन येत आणि तेथले हाल लोकांना सांगत. सर्वत्र मौद्गल्यायन असणार नाही, म्हणून दाराच्या कोठडीत पाच गतींचे (जन्माच्या प्रकारांचे) चक्र रंगवावे, मध्ये राग, द्वेष आणि मोह यांसाठी पारवा, साप आणि डुक्कर काढावे, कडेने द्वादश निदान (दुःखाच्या कारणांची बारा कड्यांची साखळी) आणि हे सारे चक्र अनित्यतेने धरलेले दाखवावे, असा आदेश तेथे आहे. तिबेटी चित्रांत पारव्याच्या जागी कोंबडा दिसतो.

पाच की सहा गती, हाही मतभेदाचा विषय होता. कथावत्थूने असुरांची स्वतंत्र सहावी गती नाकारली, कारण कालकंजक असुर प्रेतांत मोडतात आणि वेपचित्तीचा परिवार देवांत. तिबेटी भवचक्रांत मात्र बहुधा सहा भाग असतात.

जुना_वाचक

मूळ प्रश्नाकडे परत येऊ. सगळाच देवजन्म अक्षण असेल तर ज्या तुसितात मैत्रेय बोधिसत्त्व आहेत आणि अनाथपिंडिक गेले, त्याचे काय?

पडवी

सगळाच देवजन्म अक्षण नाही. यादीत ‘दीर्घायुषी देवांचा एखादा समूह’ असे मर्यादित शब्द आहेत. कामलोकातील देव धम्म ऐकायला येतात. अनाथपिंडिक देव झाल्यावर रात्री जेतवनात येऊन गाथा म्हणून गेले, आणि महासमय सुत्तात तर देवांची रीघ लागलेली आहे.

रूपलोकाबाबत चतुक्क निपातातील एक सुत्त मला निर्णायक वाटते. पहिल्या ध्यानात रमणारा ब्रह्मकायिकांत जन्मतो, आयुष्य एक कल्प. दुसऱ्या ध्यानाचा आभास्वरात, दोन कल्प. तिसऱ्याचा शुभकृत्स्नात, चार कल्प. चौथ्याचा वेहप्फलात, 500 कल्प. येथवर सर्वसामान्य साधक आणि बुद्धांचा श्रावक यांत फरक नाही. दोघेही तेथे पूर्ण आयुष्य काढतात. त्यानंतर सर्वसामान्य साधक नरकात, पशुयोनीत किंवा प्रेतविषयातही जातो आणि श्रावक मात्र तेथेच परिनिर्वाण पावतो. अवेळ (अक्षण) ठरते ती तेथे पोचणारा काय समजून आला आहे त्यावरून. भूमी तीच असते.

शुद्धावास या नियमाच्या दुसऱ्या टोकाला आहेत, कारण तेथे अनागामीच (या लोकी परत न येणारे साधक) जन्मतात. महासीहनाद सुत्तात भगवान बुद्ध सारिपुत्तांना सांगतात की या दीर्घ भ्रमणात आपण पूर्वी जन्म घेतला नाही असा लोक सापडणे कठीण, एक शुद्धावास वगळता. तेथे जन्म घेतला असता तर या लोकी पुन्हा येणे झाले नसते.